पावती कुणाच्या नावानं फाडायची?

पावतीपुस्तक छापायला टाकायचं होतं. त्यावर नाव कुणाचं घालायचं ह्यावरनं आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात दोन तास खल झाला. कल्पना वस्तीतल्या तिघींची. एक धुणंभांडी करणारी मावशी, एक अंगणवाडीतली मदतनीस, आणि एक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोरगी. त्यांचं म्हणणं एवढंच, की बायकांनी काढलेल्या, बायकांच्या जगण्यावरच्या फिल्मी दोन दिवस वस्तीत दाखवायच्या. पडदा लावायचा, बोलायचं, भांडायचं. त्यासाठी वर्गणी काढायची.

कमिटीतला एकजण म्हणाला, "पावतीवर जयंती उत्सवाचंच नाव टाका. बायकांच्या नावावर कोण पैसे देणार?" दुसरा म्हणाला, "बायकांचा सिनेमा म्हंजे आमच्यावर तर काढलेला नाही ना?" हशा झाला. मावशी म्हणाली, "तुमच्यावरचा बघायला वर्गणी कशाला लागती भाऊ? त्यो घरात रोज फुकट दिसतो." पुन्हा हशा झाला, पण ह्या वेळी तो मागं बसलेल्या बायकांकडून आला.

मी त्या कमिटीत होतो. बैठकभर गप्प होतो. हे टिपण त्या गप्प बसण्याचं प्रायश्चित्त आहे असं लिहिणार होतो, पण तो शब्द आपला नाही. म्हणून हिशेब म्हणतो.

दोस्तांनो, आपल्या समीक्षेला एक खोड लागली आहे. ती तयार फिल्मवर बोलते, तयार पुस्तकावर बोलते. पडद्यावर काय दिसलं, त्यात जात कुठं दडवली, बाई कशी दाखवली, ह्यावर आपण रकाने भरतो. पण तो पडदा कुणाच्या पैशानं उभा राहिला, खुर्च्यांचं भाडं कुणी दिलं, कोणती फिल्म पेटीतच राहिली आणि का, हा प्रश्न आपण खजिनदारावर सोडून देतो. पांढरपेशा समीक्षकानं तसं केलं तर समजू शकतं. त्याला कला आकाशातून पडते असं वाटतं. आपल्याला ते परवडत नाही. माझं म्हणणं असं, की पैसा कुठून आला हा सौंदर्यशास्त्राचाच प्रश्न आहे. आज मी एकाही फिल्मची समीक्षा करणार नाही. वर्गणीची करणार आहे.

बाबासाहेबांपासूनच सुरुवात करू. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. संस्थानिकाचा पैसा होता, आणि तो घेतला. पण 'मूकनायक' फार दिवस टिकला नाही. पुढं १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघालं. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा अग्रलेख लिहिला. तो अग्रलेख आपण भाषेसाठी वाचतो, तळमळीसाठी वाचतो. एकदा तो वर्गणीचं आवाहन म्हणून वाचा. एवढा मोठा विद्वान, बॅरिस्टर, पत्राचे रकानेच्या रकाने एकट्यानं लिहून काढणारा माणूस, आपल्याच लोकांपुढं पत्राची पैशाची अडचण मांडतो आणि हे ऋण तुमच्यावर आहे की नाही असं विचारतो. त्यात भीक नाही, दानाची भाषा नाही. ऋणाची भाषा आहे. दान देणारा वर बसतो आणि घेणारा खाली. ऋणात देणारा स्वतःच देणेकरी असतो. तो उपकार करत नाही, देणं फेडतो. ही भाषा एकदा डोक्यात ठेवली की आजचं 'प्रायोजक', 'अनुदान', 'डोनर' हे सगळं शब्दभांडार जरा वेगळं ऐकू येतं.

आता बायकांच्या सिनेमाच्या महोत्सवांकडं येऊ. ही गोष्ट पन्नास वर्षांची आहे. १९७२ साली न्यूयॉर्कला स्त्रियांच्या फिल्मींचा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, त्याच साली एडिंबऱ्यात झाला. १९७९ साली फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या सो गावात सुरू झालेला महोत्सव १९८५ पासून क्रेतेईला गेला आणि तिथं मुरला. १९९७ पासून सेऊलचा. आपल्याकडं दिल्लीत २००५ पासून आशियाई स्त्रियांच्या फिल्मींचा महोत्सव भरू लागला. त्या बायकांनी सोसलं ते कमी नव्हतं. कॅमेरा पुरुषाचा, स्टुडिओ पुरुषाचा, वितरक पुरुष, परीक्षक पुरुष. आपला पडदा आपणच उभा करायचा असं त्यांनी ठरवलं. आपल्या लोकांनी दुसऱ्याच्या छापखान्याच्या दारात उभं राहणं सोडून आपलं पत्र काढलं, त्यातलीच ही गोष्ट. म्हणून ह्या महोत्सवांकडं परक्याच्या नजरेनं बघू नका. भांडण आहे ते पुढचं आहे.

भांडण असं. महोत्सवाला पैसा चार वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेवर एक जकातनाका आहे.

पहिली वाट सरकारची. सरकार पैसे देतं तेव्हा यादी मागतं. न देताही मागतं. प्रमाणपत्र नसलेली फिल्म जाहीर दाखवायची तर महोत्सवाला सूट घ्यावी लागते, त्यासाठी दिल्लीला मंत्रालयात अर्ज, फिल्मींची नावं, त्यात काय आहे त्याचा सारांश. ज्या फिल्मीत पोलीस ठाण्यातली बाई बोलते, तिचा सारांश लिहितानाच आयोजकाचा हात आखडतो. फिल्म कापायला कात्री लागत नाही. सारांश लिहिणाऱ्याची भीती पुरते.

दुसरी वाट परदेशी पैशाची. ह्यावर आणीबाणीत, १९७६ साली कायदा आला. २०१० साली तो नव्यानं झाला. २०२० च्या दुरुस्तीनं तर असं केलं, की परदेशी पैसा घेणाऱ्या मोठ्या संस्थेनं तो दुसऱ्या संस्थेला पुढं द्यायचाच नाही, आणि खातं उघडायचं ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेत. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. आधी मोठ्या शहरातली संस्था पैसा आणायची आणि त्यातला झिरपून एखाद्या तालुक्याच्या बायकांच्या गटाला मिळायचा. ते झिरपणं बंद झालं. आता ज्याच्याकडं नोंदणी आहे, इंग्रजीत अहवाल लिहिणारा माणूस आहे, हिशेबनीस आहे, त्यालाच पैसा. झिरपणाऱ्या पाण्यावर जगणं ही काही अभिमानाची गोष्ट नव्हती. पण विहीर न खणता ते पाणी तोडलं, हे खरं.

तिसरी वाट कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चायची सक्ती केली. त्यात कला-संस्कृतीही बसते. मग कंपनी महोत्सवाला पैसे देते आणि फलकावर येते. बाईचं सबलीकरण तिला चालतं. बाईचा संप चालत नाही. शिवणयंत्रावर हसणारी बाई चालते, त्याच कंपनीच्या गेटवर कंत्राटी झाडूवाली म्हणून वीस वर्षं कायम न झालेली बाई चालत नाही. कुणी पत्र लिहून मनाई करत नाही. निवड समितीत कुणीतरी हळूच म्हणतं, "ही फिल्म जरा रडकी आहे, ह्या वर्षी नको." संपला विषय.

चौथी वाट प्रवेश फीची, आणि हिच्यावर कुणी बोलत नाही. फिल्म पाठवणाऱ्यांकडूनच महोत्सव पैसे घेतो. फिल्म निवडली गेली नाही तरी पैसे परत नाहीत. म्हणजे ज्या पोरीनं मोबाईलवर, उसनवारी करून वीस मिनिटांची फिल्म केली, ती नाकारली जाण्यासाठी फी भरते आणि तिच्या फीमधून निवडलेल्यांचा चहा होतो. स्त्रीवादी म्हणवणाऱ्या महोत्सवानं ही फी लावली की तो आपल्याच बहिणीकडून जकात घेतो.

ह्यावर कुणी म्हणेल, मग लोकवर्गणी काढा, लोकांचा पैसा पवित्र. इतकं सोपं नाही. दोन उदाहरणं समोर ठेवतो.

१९७६ चा 'मंथन'. श्याम बेनेगलांची फिल्म. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत ती झाली. शेतकरी आपली फिल्म बघायला ट्रक भरभरून आले. २०२४ साली ती नव्यानं दुरुस्त होऊन कान्सला दाखवली गेली. लोकवर्गणीचं हे सगळ्यात गाजलेलं उदाहरण. आता फिल्मच्या आत बघा. बिंदू ही दलित बाई, स्मिता पाटीलनं केलेली. शहरातून आलेल्या डॉक्टरला ती आधी फटकारते, मग तिच्या मनात त्याच्याबद्दल ओढ उभी राहते. शेवटी तिच्याच नवऱ्याला हाताशी धरून तिचा अंगठा फसवून उठवला जातो आणि त्या कागदावर डॉक्टर बदनाम होतो. फिल्म ताकदीची आहे, दलितांची वस्ती आणि सोसायटीची निवडणूक तिनं पडद्यावर आणली, हे मी नाकारत नाही. पण दोन रुपये देणाऱ्या पाच लाखांपैकी गोष्ट ठरवायला कोण बसलं होतं? म्हशीची धार काढणारे हात घराघरांत बायकांचे, सोसायटीच्या वहीत सभासद म्हणून नाव बहुतेक ठिकाणी पुरुषाचं. म्हणजे बिंदूसारख्या बाईच्या कष्टातले दोन रुपये त्या फिल्मीत गेले असतील, पण बिंदूनं काय करावं हे तिला कुणी विचारलं नाही. पडद्यावर तिचा अंगठा फसवून घेतला हे बघून आपण हळहळतो. वर्गणीच्या वहीत तिचा अंगठा मुळातच नव्हता, ह्याची हळहळ कुणाला वाटते?

दुसरं उदाहरण केरळचं. जॉन अब्राहम नावाच्या अवलिया दिग्दर्शकानं आणि त्याच्या सोबत्यांनी १९८४ साली ओडेसा नावाचा गट काढला. गावोगाव जायचं, चॅप्लिनची 'द किड' दाखवायची, झोळी फिरवायची. त्या पैशातून १९८६ साली 'अम्मा अरियान' झाली, म्हणजे आईला कळावे म्हणून. ती पुन्हा गावोगाव फिरवली. १९८७ साली जॉन गेला. इथं पैसा देणारा आणि फिल्म बघणारा समोरासमोर आला, मधला वितरक उडाला. मोठीच गोष्ट. पण तिथंही प्रश्न राहतो. मेलेल्या कार्यकर्त्याच्या आईला बातमी द्यायला निघालेला तांडा पोरांचा आहे. आया त्यांना घराघरांत भेटतात. फिल्म आईला उद्देशून आहे, पण आईनं काढलेली नाही.

मग बायकांनी, कष्टकरी बायकांबरोबर बसून काढलेली फिल्म कशी असते? ती आपल्या घराशेजारीच आहे. १९८० साली बंगळुरात दीपा धनराज आणि सोबत्यांनी युगांतर हा फिल्मगट काढला. १९८१ ला त्यांनी 'मोलकरीण' केली, पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेवर. १९८२ ला 'तंबाखू चाकिला ओब आली', निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर. दोन्ही सुमारे पंचवीस मिनिटांच्या. नाव वाचलंत तरी कळेल, भाषा कुठली आहे ती. वखारीतल्या धुळीत खोकणाऱ्या, मुकादमाच्या हाताखाली राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींची. ह्या फिल्मींत कुणी पुरुष निवेदक वरून समजावून सांगत नाही. संघटना कशी बांधली हे बायकाच सांगतात. वर्षानुवर्षं ह्या फिल्मी फारशा कुणाला ठाऊक नव्हत्या. अलीकडं बर्लिनच्या आर्सेनाल ह्या फिल्मसंस्थेनं त्या दुरुस्त करून जगापुढं आणल्या. चांगलं केलं. रीळ कुजून गेली असती तर निपाणीच्या बायका दुसऱ्यांदा मेल्या असत्या.

पण आता माझा प्रश्न. बर्लिनपर्यंत जाऊन आलेली ती फिल्म निपाणीत वखारीच्या शेजारी पडदा लावून दाखवायची, तर प्रोजेक्टरचं भाडं कोण देणार? पुण्यात ज्यांच्या घरी भांडी घासली जातात त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात नको, भांडी घासणाऱ्या जिथं राहतात त्या नाल्याकाठच्या वस्तीत 'मोलकरीण' लावायची, तर परवानगी कोण काढणार? जगातला कुठलाही मोठा महोत्सव ह्याला पैसे देणार नाही, कारण त्या अंगणात ना तारा येणार ना पत्रकार. आपल्याच वर्गणीतून करण्याजोगी गोष्ट असेल तर ती ही.

दोन गोष्टी अजून सांगायच्या आहेत, दोन्ही आपल्या बायकांच्या. पी. के. रोझी. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका, दलित घरातली. जे. सी. डॅनियलच्या 'विगतकुमारन' ह्या मूकपटात तिनं नायर बाईचं काम केलं. एका दलित बाईनं सवर्ण बाई व्हावं, हे तिरुवनंतपुरमच्या सवर्णांना सोसलं नाही. दगड पडले, पडदा फाडला, रोझीला शहर सोडून पळावं लागलं. पुढं डॅनियलच्या नावानं केरळ सरकारनं १९९२ पासून पुरस्कार सुरू केला. रोझीच्या नावानं काही व्हायला २०१९ उजाडलं, तेव्हा केरळातल्या सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेनं तिच्या नावानं फिल्म सोसायटी काढली. चेन्नईत पा. रंजितच्या नीलम संस्थेनं तिच्या नावानं महोत्सवही भरवला. दिग्दर्शकाला सरकारी तिजोरी आणि नटीला चळवळीची वर्गणी. ह्यात मला रोझीचा अपमान दिसत नाही. तिजोरीला तिची आठवण झाली नाही, चळवळीला झाली.

दुसरी गोष्ट 'खबर लहरिया'ची. २००२ साली चित्रकूटला सुरू झालेलं, दलित आणि इतर कष्टकरी घरांतल्या बायकांनी चालवलेलं पत्र. त्यांच्यावर 'रायटिंग विथ फायर' ही फिल्म झाली, २०२१ ला जगभर गाजली, २०२२ ला ऑस्करच्या अंतिम यादीत गेली. आणि त्याच मार्चमध्ये खबर लहरियाच्या बायकांनी जाहीर सांगितलं, की फिल्म जोरदार आहे, पण ती आमच्या कामाचा एकच तुकडा दाखवते, आमची पत्रकारिता त्याहून मोठी आहे. सगळं जग टाळ्या वाजवत असताना हे म्हणायला छाती लागते. त्या बायका पत्र चालवतात म्हणून म्हणू शकल्या. ज्या बाईच्या हातात स्वतःचं पत्र नाही, ती कुठं म्हणणार? तिच्यासाठी महोत्सव हीच जागा. फिल्म दाखवल्यावर दिवे लावायचे आणि जिच्यावर फिल्म आहे तिला विचारायचं, बाई, बरोबर दाखवलंय का? हा तास ज्या महोत्सवात नाही तो स्त्रीवादी नाही, मग उद्घाटनाला कुणीही येवो.

इथवर दुसऱ्यांची हजेरी घेतली. आता आपल्या घराकडं येतो.

जयंतीला आपल्या वस्त्यांतून पैसा निघत नाही काय? निघतो. घरटी निघतो, नोकरदाराकडून जास्त निघतो, दुकानदाराकडून दमात घेऊन निघतो. तो जातो कुठं? डीजेच्या भिंतीला, लायटिंगला, फलकांवरच्या पोरांच्या चेहऱ्यांना. त्या भिंतीपुढं आपल्या बायका नीळ लावून नाचतात, खिरीची पातेली त्याच घासतात, आणि हिशेबाच्या बैठकीला त्यांना बोलवणं नसतं. मनुस्मृतीनं बाईला धनाचा हक्क नाकारला म्हणून १९२७ ला महाडला ती जाळली. आपल्या कमिट्यांच्या वह्यांत बाई किती पानांवर आहे ते एकदा बघा.

आणि आपल्या बायकांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिला परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. पंचवीस हजारांच्या घरात बायका आल्या होत्या. त्या काय प्रायोजकाच्या बसमधून आल्या? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी वस्त्यावस्त्या फिरून म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून हा इतिहास गोळा केला आणि १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिलं. ते प्रत्येक कमिटीच्या कपाटात पाहिजे. आपल्याकडं संघटना उभारणाऱ्या, पैसा उभा करणाऱ्या बायका होत्या. आपण त्यांना स्वयंपाकघरात परत पाठवलं.

आज बहुजन बायका स्वतः कॅमेरा घेऊन उभ्या आहेत. ज्योती निशानं बाबासाहेबांवरची आपली फिल्म लोकवर्गणीच्या आधारावर उभी केली, पुढं नीलम तिच्यासोबत आली. आपल्या माणसांनी तिला किती पैसे दिले, आणि त्याच साली डीजेला किती दिले, हा हिशेब प्रत्येकानं आपल्या खिशाशी करावा.

तर मग करायचं काय? समीक्षकानं नुसतं बोट दाखवू नये म्हणून त्या तिघींशी बोलून जे जमलं ते मांडतो. पटलं तर घ्या, नाहीतर भांडा.

एक. वर्गणी घरटी, पण सरसकट सारखी नको. धुणंभांडी करणाऱ्या बाईचे वीस रुपये आणि प्राध्यापकाचे वीस रुपये एक नव्हेत. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला शिकलेल्यांनी मला दगा दिला असं व्यथेनं सांगितलं. त्याच वर्षी नागपूरला धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी मिळकतीचा विसावा हिस्सा द्यायला सांगितलं. नोकरदारांनी एका दिवसाचा पगार द्यावा. राखीव जागेवर लागलेल्यांनी तर न विचारता. दोनशे घरं वीस रुपयांप्रमाणं चार हजार देतात. त्यात पडदा आणि आवाजाचा भोंगा भागेल. फिल्मवालीचं प्रवासभाडं आणि मानधन नोकरदारांच्या एका दिवसातून निघेल.

दोन. एका माणसाकडून किती घ्यायचं ह्याला वरची मर्यादा हवी. ज्यानं एकट्यानं निम्मा खर्च दिला तो निम्मा महोत्सव मागतोच, तोंडानं मागो वा न मागो. नगरसेवकाचे पैसे घेतले तर पावती सगळ्यांसारखीच, फलकावर चेहरा नाही. ह्या अटीवर तो दिला तर बघू. गोरखपूरला २००६ पासून 'प्रतिरोध का सिनेमा' भरतो. जन संस्कृती मंचाच्या लोकांनी तेव्हाच ठरवलं, की सरकार, कंपनी, एनजीओ कुणाचंच प्रायोजन नको, लोकांनी दिलं त्यात भागवायचं. तो नियम पुढं कितीतरी गावांत गेला. म्हणजे हे होऊ शकतं.

तीन. हिशेब भिंतीवर. शेवटच्या दिवशी सगळा जमाखर्च समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायचा. मोबाईलवर क्यूआर कोडनं आलेला पैसाही त्यात. खातं कमिटीच्या अध्यक्षाच्या नावावर नको, दोन बायकांच्या सहीचं हवं.

चार. प्रवेश फी नाही, तिकीट नाही. फिल्मवालीला थोडं का होईना मानधन. क्रांतीच्या नावाखाली बाईला फुकट राबवणं आपल्याला नवीन नाही, ते बंद.

पाच. खर्चाच्या यादीत पहिला खर्च पाळणाघराचा. दोन पोरं सांभाळायला कुणी नसेल तर आई फिल्म बघायला येणार नाही. वेळ बायकांच्या पाण्याच्या वेळेशी जुळवून. परभाषेतल्या फिल्मीला मराठी बोलून दाखवणारी पोरगी शेजारी उभी. तिलाही पैसे.

सहा. मोठा पैसा आला तर नाकारायचाच का? नाही. शाहू महाराजांचे अडीच हजार बाबासाहेबांनी नाकारले नव्हते. पण पत्रात काय छापायचं हे बाबासाहेबांनीच ठरवलं. कसोटी एवढीच, पैसा देणाऱ्याच्या विरुद्धची फिल्म त्याच पडद्यावर दाखवता येईल का? येत असेल तर घ्या.

कुणी म्हणेल, गरिबांकडून किती काढणार, त्यांच्या पोटाला नाही आणि तुम्हाला सिनेमा सुचतो. हे मला घरातही ऐकवलं गेलं. ह्याला उत्तर मावशीनंच दिलं. ती म्हणाली, "लग्नाला काढतो, मयताला काढतो, जत्रा सोडली तर जयंतीला काढतो. आमच्या डोस्क्यासाठी कधी काढलं का?"

पावतीपुस्तक छापून आलं. वर नाव त्या तिघींच्या गटाचं आहे, कमिटीचं नाही. कमिटीनं 'पाठिंबा' दिला, म्हणजे पैसे दिले नाहीत. पहिली पावती मावशीनं स्वतःच्या नावानं फाडली, पन्नास रुपयांची. दुसरी माझ्यापुढं धरली. मी पाकिटाकडं हात नेला तशी म्हणाली, "थांब. नाव कुणाचं घालू? तुझं का तुझ्या बायकोचं? पैसे तर दोघांच्या घरातलेच हायेत."

मी घरी जाऊन बायकोला विचारलं. इतकी वर्षं चळवळीच्या कितीतरी पावत्या फाडल्या, तिला विचारून फाडलेली ही पहिली. तिनं रक्कम वाढवली.

जयभीम.